संघटनेची कार्यकारिणी: माणसं निवडायची कशी, बदलायची कशी

मराठवाड्यात कुठल्याही जिल्ह्याच्या गावी व्यावसायिकांची एखादी तरी संघटना सापडतेच. कर सल्लागारांची, अभियंत्यांची, डॉक्टरांची, औषध विक्रेत्यांची, कृषी सेवा केंद्रवाल्यांची. पगारी माणूस सहसा नसतो. आपापलं ऑफिस, दवाखाना, दुकान सांभाळून संध्याकाळी वेळ काढणारे चार-पाच जण सगळा कारभार ओढतात. तुम्ही त्यात नवे असता आणि एक दिवस अध्यक्ष म्हणतात, "यंदा नव्या कार्यकारिणीचं तुम्ही बघा." हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं कर सल्लागारांची घेतली आहेत, कारण मी त्यातला आहे. बाकीच्यांनी तारखा आणि हंगाम तेवढे आपले घालून घ्यावेत.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. सभेच्या दिवशी फक्त ठराव होतो. निवड त्याआधी वर्षभर चालू असते: कुणाला कुठलं छोटं काम दिलं, ते कुणी पुरं केलं, कुणाला कुणाच्या हाताखाली बसवलं. हे वर्षभर झालेलं नसेल तर सभेत "सचिव कोण होतंय?" असं विचारल्यावर सगळे खाली बघतात आणि मागचेच तिघे पुन्हा गळ्यात माळ घालून घरी जातात. ते तिघे चांगलेच असतात. पण पाचव्या-सहाव्या वर्षी त्यांचा उत्साह संपलेला असतो, आणि नव्यांना वाटतं की संघटना त्यांचीच आहे, आपलं तिथे काय काम?

पहिलं काम: घटना वाचा

संस्थेची घटना आणि नियमावली मागून घ्या. ती सचिवांच्या कपाटात, बहुधा झेरॉक्सची झेरॉक्स झालेल्या अवस्थेत असते. ती वाचल्याशिवाय कुणालाही शब्द देऊ नका. सात गोष्टी वहीत उतरवून घ्या: कार्यकारिणीत किती जण, मुदत किती वर्षांची, पदं कोणती, निवड थेट सभेतून की कार्यकारिणीतून, सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कुठल्या मार्गाने, गणपूर्ती (कोरम) किती, आणि मधेच जागा रिकामी झाली तर ती कोण भरणार.

आपल्याकडे अशा संघटनांची नोंदणी बहुधा दोन कायद्यांखाली झालेली असते: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. नोंदणी प्रमाणपत्रं बघून खात्री करा, कारण दोन्ही असतील तर कागदही दोन्ही कायद्यांचे सांभाळावे लागतात. १८६० च्या कायद्यात संस्था स्थापन करायला किमान सात माणसं लागतात. कार्यकारिणी सात, नऊ किंवा अकराची ठेवणं सोयीचं. विषम संख्येत मतं समसमान पडण्याचे प्रसंग कमी येतात. जिल्ह्याच्या संघटनेला माझ्या मते नऊ पुरेत. एकवीस जणांची कार्यकारिणी फोटोत छान दिसते, बैठकीला मात्र सहाच येतात.

याच कायद्याचं कलम १५ आताच लक्षात ठेवा. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मतदानाचा हक्क नाही आणि त्या कामापुरतं त्याला सभासद म्हणून मोजतही नाहीत. म्हणजे वर्गणीची यादी हीच तुमची मतदार यादी. ती सभेच्या आदल्या रात्री करायला बसलात तर भांडण ठरलेलं. दोन महिने आधी कोषाध्यक्षांकडून थकबाकीदारांची नावं घ्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र निरोप द्या. ग्रुपवर यादी टाकून कुणाची शोभा करू नका.

दुसरं: नावांआधी कामं लिहा

एका पानावर प्रत्येक पदाखाली त्याचं खरं काम लिहा. सचिव: नोटीस काढणं, इतिवृत्त लिहिणं, पत्रव्यवहार, धर्मादाय कार्यालयाचे (म्हणजे सार्वजनिक न्यासांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचे) कागद. कोषाध्यक्ष: पावत्या, बँक, ऑडिट. अध्यक्ष: बैठका चालवणं, आयकर आणि जीएसटी कार्यालयात निवेदन घेऊन जाणं, वाद मिटवणं. शेजारी महिन्याला साधारण किती तास लागतील तेही लिहा. ज्याला पद द्यायचं त्याला हे पान आधी दाखवायचं. "काही नाही हो, फक्त नाव लावायचं आहे" असं सांगून घेतलेला माणूस नावापुरताच राहतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

नाव लावणं ही किरकोळ गोष्टही नाही. १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असलेल्या संस्थेत कार्यकारिणीचे सदस्य कायद्याच्या नजरेत विश्वस्त असतात. हिशेब, ऑडिट, मालमत्ता यांची जबाबदारी त्यांच्यावर येते. नव्या माणसाला हे आधीच सांगा.

तिसरं: मुदत आणि फेरपालट

सगळे एकाच दिवशी बदलले तर नव्यांना मुदत ठेवीची पावती कुठल्या फाइलीत आहे इथपासून शोधावं लागतं. कुणीच बदललं नाही तर संघटना थिजते. यावरचा तोडगा जुना आहे आणि तावून-सुलाखून निघालेला आहे. राज्यसभेचा सदस्य सहा वर्षांसाठी निवडून येतो आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, म्हणून ते सभागृह कधी पूर्ण रिकामं होत नाही. नऊ जणांच्या कार्यकारिणीत हेच असं बसवता येतं: मुदत तीन वर्षांची, दरवर्षी तिघे जाणार, तिघे येणार. पहिल्या खेपेला कुणाला एक, कुणाला दोन आणि कुणाला तीन वर्षं मिळणार हे सर्वसाधारण सभेसमोर चिठ्ठ्या काढून ठरवा. बंद खोलीत ठरवलंत तर एक वर्षवाल्यांना डावलल्यासारखं वाटतं.

लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी राहू नये आणि नंतर किमान एक वर्ष बाहेर बसावं, असा नियम करा. कायमची बंदी घालू नका. तालुक्याच्या गावात काम करणारी माणसं मोजकी असतात, वर्षभर विसावा घेऊन ती परत यायला हवीत.

मात्र यात एक अडचण आहे आणि ती नव्या माणसाला कुणी सांगत नाही. दरवर्षी तिघे बदलले की दरवर्षी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे नवी नावं नोंदीवर घेण्याचा अर्ज, करावा लागतो. त्याची नोटीस, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, वकिलाची फी, तारखा, सगळं दरवर्षी. शिवाय तुमच्या घटनेत "कार्यकारिणीची मुदत पाच वर्षं" असं लिहिलेलं असेल, तर आधी घटनादुरुस्तीचा ठराव आणि त्याची रीतसर प्रक्रिया. ती पूर्ण होण्याआधी एक तृतीयांशाची पद्धत सुरू केलीत तर ती निवड आव्हानात सापडेल.

म्हणून शंभराच्या आतबाहेर सभासद असलेल्या संघटनेला मी दुसरी वाट सुचवतो. नोंदीवरची कार्यकारिणी घटनेतल्या मुदतीप्रमाणे चालू द्या. तिच्या हाताखाली तीन-चार कामाच्या समित्या करा, एक अभ्यासवर्गाची, एक सभासद नोंदणी आणि वर्गणीची, एक कार्यालयांशी संपर्काची, एक कार्यक्रमांची. या समित्यांचे प्रमुख दरवर्षी बदला. त्याला फक्त कार्यकारिणीचा ठराव लागतो, धर्मादाय कार्यालयात काही द्यावं लागत नाही. दोन-तीन वर्षांत आठ-दहा माणसं कामाला लागलेली दिसतात. पुढची कार्यकारिणी त्यांच्यातून उभी राहते आणि सभेत कुणालाच खाली बघावं लागत नाही. सभासद वाढले, ऑफिसला माणूस ठेवण्याइतकी ऐपत आली, की एक तृतीयांशाची पद्धत घटनेत घाला.

पदांचं थोडं वेगळं. अध्यक्षाला एक मुदत पुरते. सचिवाला मात्र किमान दोन वर्षं हवीत. पहिलं वर्ष फाइली कळण्यातच जातं. कोषाध्यक्ष बदलताना आर्थिक वर्ष बघा. मावळत्या कोषाध्यक्षाने ३१ मार्चचा हिशेब ऑडिट करून सभेत मांडावा, आणि १ एप्रिलपासून सभेच्या दिवसापर्यंतच्या जमाखर्चाचं वेगळं पान, बँकेच्या शिलकेशी जुळवून, सही करून द्यावं. हे पान नसेल तर पुढच्या ऑडिटला मधल्या दोन-तीन महिन्यांबद्दल दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि सहकोषाध्यक्ष हे पद शोभेचं ठेवू नका. जो उद्या कोषाध्यक्ष होणार, तोच आज सहकोषाध्यक्ष.

फेरपालट गावांचीही करायची असते. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी पुणे, नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या घटक संस्थांकडे फिरत राहतं. २०१९ ते २०२२ या काळात ते मराठवाडा साहित्य परिषदेकडे होतं. गावाची पाळी आधीच ठरलेली असली की निम्मा वाद मिटतो. जिल्ह्याच्या संघटनेत हे उपाध्यक्षपदासाठी करता येतं. लातूर जिल्हा असेल तर एकदा उदगीर, मग अहमदपूर, मग निलंगा, मग औसा, असा क्रम लिहूनच ठेवा. नांदेडची संघटना असेल तर किनवटचा विचार आवर्जून करा. तिथल्या माणसाला नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ पडतं. दर महिन्याला नांदेडला बैठकीला या, असं त्याला सांगणं म्हणजे येऊ नका असंच सांगणं. त्याच्यासाठी ऑनलाइन हजेरीची सोय ठेवा, आणि वर्षातून एक-दोन बैठका तालुक्याच्या गावी घ्या.

चौथं: माणसं हेरणं आणि विचारणं

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला घाई चालत नाही.

यादी करायला बसलात की आधी बोलक्या माणसांची नावं सुचतात. ती बाजूला ठेवा, टाकून देऊ नका. मग मागच्या वर्षाची वही उघडा आणि बघा: वर्गाच्या नोट्स कुणी न सांगता टाइप करून पाठवल्या? आपल्या तालुक्यातली वर्गणी कुणी गोळा करून आणली? पोर्टल बंद पडल्यावर रात्री अकराला नव्या सभासदाचा फोन कुणी उचलला? ही माणसं सभेत बहुतेक मागच्या रांगेत असतात.

ज्यांच्याबद्दल अंदाज नाही, त्यांना छोटं काम देऊन बघा. एका तालुक्याची सभासद यादी अद्ययावत करणं, एक अभ्यासवर्ग उभा करणं, सप्टेंबरमधल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनानंतरच्या चहापाण्याची व्यवस्था. काम झालं का, एवढंच बघू नका. जमत नसेल तर त्याने आधी कळवलं का, हे बघा. वेळेवर "मला जमत नाही" सांगणारा माणूस संघटनेला सोन्यासारखा असतो. फोन न उचलणारा हुशार माणूस सगळ्यांना खड्ड्यात घालतो.

यादी एकट्याने करू नका. तीन जणांची छोटी निवड समिती करा: एक मुदत संपून बाहेर पडणारा, एक तालुक्यातला, एक पाच-सात वर्षं प्रॅक्टिस झालेला तरुण किंवा तरुणी. अट एकच, या तिघांपैकी कुणी स्वतः उमेदवार नसावा. ही समिती फक्त नावं सुचवते आणि विचारणा करते. निवड सभाच करते, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

विचारायचं ते समोरासमोर किंवा फोनवर, एकट्याला. ग्रुपवर नाही, चार लोकांत तर मुळीच नाही. चार लोकांत माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि नंतर फिरकत नाही. बोलणं साधारण असं व्हावं:

"मॅडम, पुढच्या वर्षी अभ्यासवर्गाचं काम तुम्ही घ्यावं असं आम्हाला वाटतं."

"सर, माझं ऑफिस एकटीचं आहे. २० तारखेपर्यंत मान वर करता येत नाही."

"म्हणून तर वर्ग २२ च्या पुढेच ठेवायचे. वर्षात सहा. वक्ता ठरवायचा आणि विषय कळवायचा. हॉल आणि नाश्त्याचं दुसऱ्याकडे देतो."

"आणि जुलै ते सप्टेंबर?"

"त्या तीन महिन्यांत एकही वर्ग नाही."

"मग बघते. पण बैठक रात्री आठची नको. उदगीरला परत जायचं असतं."

"रविवारी सकाळी अकराला ठेवू. लिहूनच घेतो तसं."

इथे काय झालं बघा. काम मोजून सांगितलं गेलं. जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखा आणि रिटर्न-ऑडिटचे महिने वगळले गेले. आणि त्यांची अट ऐकून तिथल्या तिथे मान्य झाली. "लिहूनच घेतो" म्हटलं आहे तर पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात बैठकीची वेळ खरोखर लिहा. तुम्ही शब्द पाळता की नाही, हे नवा माणूस पहिल्या महिन्यातच बघतो.

कुणी नाही म्हटलं तर गळ घालत बसू नका. दोनच प्रश्न विचारा: "मग कुठलं छोटं काम जमेल?" आणि "तुमच्या नजरेत दुसरं कोण आहे?" दुसऱ्या प्रश्नाला मिळणारी नावं बऱ्याचदा तुमच्या यादीत नसतात.

महिला सभासदांबद्दल स्पष्ट बोलतो. "महिला प्रतिनिधी" नावाचं एक पद काढून तिथे एका मॅडमना बसवायचं आणि कार्यक्रमात पाहुण्यांचं स्वागत तेवढं त्यांच्याकडे द्यायचं, ही पद्धत बंद झाली पाहिजे. कोषाध्यक्षपद द्या, सचिवपद द्या. बैठकीची वेळ आणि जागा त्यांना येता येईल अशी ठेवा. एखाद्या सभासदाच्या ऑफिसात रात्री नऊला बैठक बोलवायची आणि नंतर "महिला येतच नाहीत" म्हणायचं, हा अन्याय आहे.

जुने आणि नवे यांची जोडी लावणं हेही निवडीचंच काम. विक्रीकराच्या काळापासून प्रॅक्टिस करणाऱ्यांना कार्यालयाची रीत माहीत असते, अधिकाऱ्यासमोर कुठला मुद्दा कसा मांडायचा ते कळतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यानंतर उतरलेल्यांना पोर्टल हातचं असतं. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांकही बदलले, म्हणजे दोघांनाही पुन्हा अभ्यासाला बसायचं आहे. अभ्यासवर्गाच्या समितीत एक ज्येष्ठ आणि एक तरुण असे जोडीने घ्या. त्यातून जी ओळख होते ती पुढे वर्षानुवर्षं संघटनेच्या उपयोगी पडते.

काही मर्यादाही पाळा. चेकवर सही करणारे दोघे एकाच ऑफिसातले किंवा एकाच घरातले नकोत. राजकीय पक्षाचं पद सांभाळणाऱ्या सभासदाला, निवडणुकीच्या वर्षात तरी, अध्यक्ष किंवा सचिव करू नये असं माझं ठाम मत आहे. माणूस कितीही सरळ असला तरी लेटरहेडवर दबाव येतो, आणि गाव लहान असलं की बातमी मोठी होते. कामाच्या समितीत मात्र त्याला जरूर घ्या.

पाचवं: सभा

तारीख आपल्या धंद्याचा हंगाम बघून ठरवा. कर सल्लागारांना जूनचा शेवटचा आठवडा बरा: २० तारीख उलटलेली, लग्नसराई संपलेली, ३१ मार्चच्या हिशेबाचं ऑडिट हातात आलेलं. कृषी सेवा केंद्रवाल्यांना जून म्हणजे पेरणीची झुंबड, त्यांनी तो महिना टाळावा. अभियंत्यांनी मार्च टाळावा, बिलांची गडबड असते.

नोटीस घटनेत सांगितलेल्या मार्गानेच जाऊ द्या आणि पोचेचा पुरावा ठेवा. घटनेत व्हॉट्सअ‍ॅपचा उल्लेख नसेल तर नुसता ग्रुपवरचा मेसेज पुढे अडचणीत आणू शकतो. ग्रुपवर टाकाच, पण पोस्टाने किंवा सही घेऊनही द्या. नोटिशीत "नवीन कार्यकारिणीची निवड" हा विषय स्पष्ट लिहिलेला हवा. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" यात निवड उरकता येत नाही.

उमेदवारी अर्ज साधा असावा: उमेदवाराचं नाव, सूचक, अनुमोदक, आणि उमेदवाराची लेखी संमती. जागांइतकेच अर्ज आले तर बिनविरोध. बिनविरोधचं आपल्याला कौतुक असतं आणि ते रास्तही आहे. पण अर्ज सगळ्यांना खुले होते, शेवटची तारीख सगळ्यांना माहीत होती, एवढं घडलेलं असेल तरच ते बिनविरोध. एका ऑफिसात चहा घेता घेता यादी ठरवायची आणि सभेत टाळ्या वाजवून घ्यायच्या, याने वर्षभर धुसफूस राहते.

जास्त अर्ज आले तर घाबरू नका, माणसांना काम करायचं आहे याचीच ती खूण. निवडणूक न लढवणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाला निवडणूक निर्णय अधिकारी करा. मतदार यादी आधी लावा, अर्ज माघारीला दोन-तीन दिवस द्या, मतदान गुप्त ठेवा, मोजणी सगळ्यांसमोर करा, मतपत्रिका पाकिटात सीलबंद करून जपून ठेवा. मतं समसमान पडली तर काय, याचं उत्तर घटनेत नसेल तर मतदानाआधीच सभेकडून ठरवून घ्या.

सहावं: कागद

टाळ्या वाजल्या की काम संपलं असं वाटतं. दुसऱ्यांची रिटर्नं वेळेत भरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या संघटनेचे कागद राहून जाऊ नयेत, म्हणून दोन मुदती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

पहिली, १४ दिवस. १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदाव्या दिवसापर्यंत कार्यकारिणीच्या सदस्यांची नावं, पत्ते आणि व्यवसाय यांची यादी संस्था निबंधकांकडे द्यायची असते. दुसरी, ९० दिवस. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा.

त्यासाठी लागणारे कागद सभेच्या दिवशीच जमवा: नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपटाची प्रत, ठरावाची सही केलेली प्रत, नव्या सदस्यांची संमतीपत्रं आणि ओळखीचे पुरावे, राजीनामा दिलेल्यांची पत्रं. मावळत्या सदस्यांची ना-हरकत त्याच दिवशी घेतली तर फार सोपं जातं, सगळे समोर असतात. महिन्याने एक पुण्याला मुलाकडे गेलेला असतो, दुसरा रुसलेला असतो.

बदल अर्ज राहिला तर परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या तुमच्या संस्थेच्या नोंदीवर, जुनीच नावं दिसत राहतात. बँक नवी सही घ्यायला तयार होत नाही. पुढच्या निवडीचा अर्ज केला की मागचा बदल कुठे आहे असा प्रश्न येतो, आणि एकावर एक अर्ज साचत जातात. वर्षानुवर्षं साचलेलं हे काम निस्तरायला निवडीपेक्षा कितीतरी जास्त श्रम पडतात.

सातवं: कारभार हाती देणं

सभेनंतर पंधरा दिवसांत एक दुपार काढा आणि जुन्या-नव्या पदाधिकाऱ्यांना एका टेबलाभोवती बसवा. इतिवृत्ताची वही, हजेरीची वही, नोंदणी प्रमाणपत्रं, पॅन कार्ड, पासबुक, चेकबुक, मुदत ठेवींच्या पावत्या, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं, शिक्का, लेटरहेड, कपाटाच्या चाव्या. प्रत्येक वस्तूची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. कोरी पावती पुस्तकं क्रमांकानिशी लिहा.

आता सगळ्यात जास्त अडणारी गोष्ट: ओटीपी. संघटनेचा ईमेल, आयकर पोर्टल, धर्मादायचं लॉगिन, बँकेचा संदेश, हे सगळं चार वर्षांपूर्वीच्या सचिवांच्या खाजगी मोबाइलला जोडलेलं असतं. ते सचिव नेमके कोर्टात किंवा प्रवासात असतात आणि इकडे अर्ज अडतो. संघटनेच्या नावाने एक स्वतंत्र सिमकार्ड घ्या, सगळी लॉगिनं त्याला जोडा आणि तो नंबर सचिवाबरोबर पुढे जाऊ द्या. बँकेतला नंबर बदलायला ठराव आणि केवायसी लागते, तो ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे ॲडमिनही त्याच टेबलावर बदला.

मधेच कुणी गळालं तर

लागोपाठ तीन बैठकांना न कळवता गैरहजर राहिलेल्याचं पद रिकामं समजावं, अशी तरतूद अनेक घटनांमध्ये असते. ती वापरण्याआधी एक फोन करा, आणि तो रागाने नको. घरात आजारपण असतं, भागीदार सोडून गेलेला असतो, दुष्काळी वर्षात फी अडकलेली असते. "सहा महिने काम दुसऱ्याकडे देऊ का?" असं विचारा. बहुतेक वेळा माणसाला हायसं वाटतं. जाणारच असेल तर लेखी राजीनामा घ्या, तो पुढच्या बैठकीत मंजूर करा, आणि घटनेतल्या पद्धतीने जागा भरा. कार्यकारिणीत झालेला असा बदलही नव्वद दिवसांच्या नियमात येतो.

पदावरून उतरलेल्यांचं काय

मराठवाड्यात ज्येष्ठांचा मान ठेवतात आणि तो ठेवलाच पाहिजे. अडचण होते ती मान आणि अधिकार यांची गल्लत झाली की. मावळत्या अध्यक्षांना पुढचं एक वर्ष निमंत्रित म्हणून बैठकीला बोलवा, मताचा अधिकार न देता, आणि हे ठरावात लिहा. वर्ष संपलं की तेही थांबवा. त्यानंतर त्यांना नेमकं काम द्या: अपिलाच्या प्रकरणात नव्या सभासदांना मार्गदर्शन, सभासदांमधल्या तंट्यात मध्यस्थी, पुढच्या निवड समितीत एक जागा. नव्या सचिवाचं पत्र पाठवण्याआधी "जरा मला दाखवा" म्हणणारे ज्येष्ठ असतील, तर ते बोलणं अध्यक्षांनी करायचं, नव्या सचिवावर सोपवायचं नाही. "सर, आता त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या, अडला तर तुमच्याकडेच येईल," एवढं प्रेमाने सांगितलं तर सहसा पटतं.

नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक महिन्याच्या आत घ्या. विषयपत्रिकेवर चारच विषय: बँकेच्या सह्यांचा ठराव, बदल अर्ज कोण दाखल करणार, वर्षभराच्या बैठकांच्या तारखा, आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या हाताखाली यंदा कोण बसणार त्याची नावं. चौथा विषय वेळ संपली म्हणून पुढे ढकलला जातो, म्हणून तो पहिला घ्या.